तिसऱ्या दिवशी रडू येईल

“तिसऱ्या दिवशी रडू येईल,” सिस्टर म्हणाल्या. जबड्याच्या ऑपरेशनची आदली रात्र होती. माझ्या भाचीच्या हातात सलाईनची सुई बसवून त्यावर चिकटपट्टी लावता लावता त्या बोलत होत्या. आवाज अगदी रोजचा, त्यात सोलापूरकडचा हेल. “उद्याचं तुला फारसं आठवणार नाही. परवा गुंगीत जाईल. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते आणि माणूस पूर्ण जागा असतो. तेव्हा वाटेल, कशाला केलं हे. वाटलं की बेल दाब. मी नसले तर जी असेल तिला सांग, तिसरा दिवस आहे म्हणून. तिला कळेल.” मग रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही, एवढं बजावून त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या.

वहिनीचा चेहरा पडला. बाहेरच्या बाकावर येऊन ती मला म्हणाली, “आदल्या रात्री असं बोलतात का कुणी? चांगलं बोलायचं सोडून.” मी गप्प राहिले. ते वाक्य मलाही टोचलं होतं. आमच्या घरात दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला ‘काही होत नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असंच सांगायची पद्धत आहे. आईच्या मोतीबिंदूपासून दादाच्या अँजिओप्लास्टीपर्यंत आम्ही सगळ्यांना मुंगीच चावून आणली. पण खोलीत परत गेले तर भाची उशीला टेकून शांत बसली होती. गेले कित्येक दिवस ती अशी बसलेली पाहिली नव्हती. त्या सगळ्यात तिला धीर देणारं काय होतं, हे मला त्या रात्री उमगलं नाही. ते वाक्य मात्र नंतर बरेच दिवस डोक्यात घोळत राहिलं.

आमच्या घरातला जबडाच तसा. भिंतीवरच्या फोटोत आजोबांच्या फेट्यानंतर नजर जाते ती त्यांच्या पुढे आलेल्या हनुवटीवर. ती दादाकडे आली, माझ्याकडे आली आणि भाचीकडे जरा जास्तच आली. तिचे खालचे दात वरच्यांच्या पुढे असायचे, समोरचे दात एकमेकांवर कधी टेकलेच नाहीत. पोळीचा घास पुढच्या दातांनी तोडता येतो, हे तिनं फक्त दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून जाणलं होतं. पेरू चाकूनं कापून, कणसाचे दाणे काढून, सँडविच दाढेकडे सरकवून खायचं. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना हवा निसटायची, म्हणून वर्गात ती मोठ्यानं वाचायला उठायची नाही. फोटो काढताना हात आपोआप तोंडाकडे जायचा. हे सगळं नातेवाइकांनी बावीस वर्षं पाहिलं, आणि ऑपरेशन ठरल्यावर एकच अर्थ काढला: लग्नाचं बघताहेत वाटतं. विमा कंपनीच्या पत्राची भाषा सभ्य होती, पण सूर तोच. सौंदर्यासाठीचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

त्यामुळे वॉर्डात येताना ती एक वेगळंच ओझं घेऊन आली होती. ॲपेंडिक्स फुटलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू हे का केलंस. हिला सगळ्यांनी विचारलं होतं. दीड वर्ष दातांना तारा लावून दात जबड्यावरच्या त्यांच्या योग्य जागी आणले गेले, आणि त्या काळात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडत गेला, कारण दात सरळ झाले की दोन जबड्यांमधला फरक उलट उघडा पडतो. तेही तिनं निमूट सोसलं. दुखणं स्वतः मागून घेतलेल्या माणसाला कण्हायचीही चोरी असते. दुखलं तर म्हणणार काय? हौस तुझीच ना? सिस्टरांनी त्या रात्री तिला रडण्याची परवानगी आधीच देऊन ठेवली होती, आणि तीही वॉर्डातल्या सगळ्यांच्या वतीनं. तिला कळेल, असं त्या म्हणाल्या होत्या ना.

ऑपरेशन दोन्ही जबड्यांचं होतं. वरचा जबडा ज्या पातळीवर कापून मोकळा करतात तिला रने ल फोर या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. त्यानं मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात ते शोधलं आणि १९०१ मध्ये लिहून ठेवलं. अपघातात हाड जिथं फुटतं, तीच रेषा पुढे दुरुस्तीसाठी कामाला आली. खालच्या जबड्याची जी पद्धत आज बहुतेक ठिकाणी वापरतात, तिचा पाया ह्यूगो ओबवेगेझर या सर्जननं १९५० च्या दशकात घातला. दाढेच्या मागचं हाड आतून चिरतात आणि हरभरा फुटून दोन डाळी व्हाव्यात तसं ते दोन पापुद्र्यांत सुटं करतात, मग दात असलेला भाग मागेपुढे सरकवून टिटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर व्रण नाही. हे वाचून मला सर्जन मंडळींबद्दल अपार आदर वाटला आणि अजूनही वाटतो. पण बाहेर व्रण नाही यामुळे एक अडचणही होते. लोकांना वाटतं फार काही झालेलं नाही.

पहिली रात्र ती आयसीयूत होती, आम्हाला दारातून एकदा पाहू दिलं. दुसऱ्या संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं आणि रात्री सोबतीला मी राहिले. खाटेचं डोकं उंच केलेलं, दोन्ही गालांना बर्फाच्या पिशव्या, नाकात वाळलेलं रक्त, जबडे मिटलेले राहावेत म्हणून दातांवर रबरबँड. भुलेची नळी नाकातूनच घातलेली असल्यानं नाक आतून सुजून बंद आणि तोंड बांधलेलं. श्वासाला वाट आहे की नाही, याचीच तिला शंका. मध्यरात्रीनंतर ती एकदम उठून बसली, डोळे विस्फारले, हात हवेत. मी बेल दाबायच्या आधीच सिस्टर आल्या होत्या. त्यांनी “घाबरू नकोस” म्हटलं नाही. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा तिच्याकडे वळवला. “हे बघ. सत्त्याण्णव. छाती घाबरलीय, आकडा घाबरलेला नाही. माझ्याबरोबर सोड श्वास. घ्यायचं बघू नकोस, नुसता सोड.” एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातात सक्शनची नळी. दातांच्या आणि गालाच्या मधली लाळ ओढून घेतली, नाकात थेंब घातले, आणि मग खाटेला दोरीनं बांधून ठेवलेली कात्री सोडून तिच्या तळव्यावर ठेवली. “ही रबरं कापायची. उलटी झाली आणि अगदीच घुसमटलं तर. पण पोटात आता पातळच आहे ना? पातळ दातांच्या फटीतून बाहेर येतं. पुढे वाकायचं, बस्स. पूर्वी आमच्याकडे तारांनी सहा सहा आठवडे तोंड बांधायचे, उशाशी पक्कड असायची. तेव्हाही कुणी गुदमरलं नाही माझ्या हाताखाली.”

कात्री काही भाचीनं वापरायची नव्हती. ती नर्सेससाठीच होती. तरी ती तिच्या हातात पडल्यावर खांदे खाली आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बोलता येत नाही अशा माणसाशी कसं बोलायचं, हे आपल्याला खरंच येत नाही. भेटायला येणारे एक तर मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे, जणू हिच्या कानाचं ऑपरेशन झालंय, नाही तर तिच्या देखत माझ्याशी तिच्याबद्दल बोलायचे. खाते का ती? झोपते का ती? सगळ्यांचा पहिला प्रश्न “कसं वाटतंय?” आणि त्याला उत्तर देण्याची तिची सोयच नाही. सिस्टर कधीही असं विचारायच्या नाहीत. त्यांचे प्रश्न बारीक चिरलेले असायचे. दुखतंय? एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जबडा? घसा? की कंबर, झोपून झोपून? मग थांबून, आवाज न बदलता: भीती वाटतेय? दुखण्याच्या रांगेतच भीतीचाही नंबर लागायचा, त्यामुळे तिला ‘हो’ म्हणताना लाज वाटायची नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून लहान मुलांची पाटी आणली. मोबाइलवर टाइप करता येतं की, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “मोबाइल हातात आला की कॅमेरा उघडते पोरगी. पाटीत तोंड दिसत नाही.”

आरशाबद्दल त्यांचं स्वतःचं एक मत होतं. काही ठिकाणी अशा पेशंटच्या खोलीतल्या बेसिनवरचा आरसा कागद लावून झाकतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांना ते पटत नसे. झाकलं की पेशंटला वाटतं आत काहीतरी भयंकर आहे, असं त्यांचं म्हणणं. पण पहिल्यांदा एकटीनं बघायचं नाही, ही अट. आणि तो तिसरा दिवस उजाडला तेव्हा भाचीनं अट मोडली. सकाळी मी चहाला खाली गेले तेवढ्यात ती बेसिनपाशी जाऊन आली. परत आले तर गालावरून पाणी वाहत होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘ही मी नाही.’ खालच्या जबड्यातून जाणारी नस अशा ऑपरेशनमध्ये ताणली जाते, ओठ आणि हनुवटी काही आठवडे, कधी महिनोन् महिने बधिर राहतात. स्वतःचे अश्रू हनुवटीपर्यंत पोचले तरी तिला कळत नव्हतं. मला काही सुचेना. “अगं सूज उतरली की छान दिसशील,” एवढंच तोंडात आलं, आणि ते निरुपयोगी आहे हे उच्चारतानाच जाणवलं.

तिनं बेल दाबली. सकाळच्या पाळीला दुसऱ्या सिस्टर होत्या, वयानं बऱ्याच लहान. पाटीकडे पाहून त्यांनी विचारलं, “तिसरा दिवस ना?” भाचीनं एक बोट वर केलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. वॉर्डात सिस्टर बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रडू दिलं. मध्ये मध्ये फक्त नाक साफ करून दिलं, कारण बांधलेल्या तोंडानं रडताना नाक बंद होऊन चालत नाही. मग तोंड धुवायची वेळ झालीच होती, तर औषधी पाण्यानं हिरड्या साफ करता करता त्यांनी ट्रेमधला छोटा आरसा काढला आणि बरोबर ओठांसमोर धरला, तिथून वरचं काही दिसू नये इतका जवळ. एका बोटानं सुजलेला ओठ वर उचलला. “चेहरा आज बघायचाच नाही. आज दात बघ.”

वरचे दात खालच्यांच्या पुढे होते. रबरबँडच्या जाळीमागे, रक्ताच्या रेघांमागे, एकमेकांवर नीट टेकलेले. भाची कितीतरी वेळ बघत राहिली. तिनं पाटी ओढून घेतली, आधीचं पुसलं नाही, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे दात माझेच आहेत?’

वहिनी त्या वेळी दारात उभी होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मी समजू शकत होते, कारण तेच थोडंफार माझ्याही मनात होतं. आपल्या पोरीनं आपल्याला न बोलावता परक्या बाईला बोलावलं. पण आम्ही दोघी तिच्याकडे बघायचो तेव्हा आमच्या चेहऱ्यावर तिला स्वतःचा चेहरा दिसायचा. त्या पोरसवदा सिस्टरांच्या चेहऱ्यावर तो दिसत नव्हता. तसा चेहरा ठेवणं सोपं नसणार. त्यांनी वहिनीला हळूच बाहेर नेलं आणि म्हणाल्या, “तुम्ही काल रात्री जेवला नाहीत. कँटीनला जा, तिथं हवं तेवढं रडा, आणि भात खाऊन वर या.” आणि मग माझ्याकडे वळून, जरा निरखून, “आत्या, ही तुमच्यावरच गेली होती ना? तुम्हाला कसं वाटतंय?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. माझी हनुवटी अजून आजोबांचीच आहे. मी ती घेऊन शाळा, नोकरी, लग्न सगळं केलं, आमच्या वेळी असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं. भाचीनं तो निर्णय घेतला तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, आणि आत कुठेतरी, जे ती कापून टाकायला निघालीय ते माझं तोंड आहे, असंही वाटलं. ते मी कुणाजवळ बोलणार? दवाखान्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये, औषधांच्या ट्रॉलीशेजारी उभी राहून मी ते एका अनोळखी मुलीला सांगितलं. तिनं ऐकलं. उत्तर दिलं नाही, देण्यासारखं नव्हतंच. खांद्याला हात लावून ती पुढच्या खाटेकडे गेली. मला फार हलकं वाटलं, हे लिहायलाच हवं.

घरी आल्यावर लोक म्हणत, सिस्टर फार प्रेमळ होत्या हो. होत्याच. पण ‘प्रेमळ’ म्हणून आपण त्यांचं कौशल्य पुसून टाकतो, असं मला आता वाटतं. सूज कधी वाढते, भुलेचा आणि स्टेरॉइडचा असर कधी ओसरतो, उपाशी पोटी आणि झोपेविना माणूस कधी ढासळतो, हे माहीत असल्याशिवाय ‘तिसऱ्या दिवशी’ असं कुणी सांगू शकत नाही. भीतीला दुखण्याच्या रांगेत उभं करायचं, आरसा कुठल्या उंचीवर धरायचा, हे अनुभवातून घडवलेलं ज्ञान आहे आणि ते एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जातं. परळच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची सेवा त्यांच्याच सहकारी परिचारिकांनी १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत केली. स्वतःचं काही सांगू न शकणाऱ्या बाईंना इतक्या वर्षांत बेडसोअर होऊ दिला नाही. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या याच माणसांचा मानला. तिथलं दुःख फार मोठं, त्याची तुलना आमच्या भाचीच्या आठवड्याशी करणार नाही. पण न बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं वाचायची विद्या आपल्याकडच्या नर्सेसनी किती जपून, एकमेकींना देत ठेवलीय, हे त्यातून कळतं. १२ मेला नाइटिंगेलबाईंच्या जयंतीला आपण त्यांना देवदूत म्हणतो. देवदूताला पाळी नसते, पगार नसतो, पाय दुखत नाहीत. म्हणून तो शब्द मला नकोसा झालाय.

खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला असायचा. किती मिलिलिटर पोटात गेलं, किती बाहेर आलं, नाडी, ताप, ऑक्सिजन, सगळं ठरलेल्या वेळी लिहिलेलं. खुर्ची ओढून बसलेल्या त्या वेळेचा त्यात रकाना नव्हता. बिलातही नव्हता. त्या बसल्या तेवढ्या वेळात शेजारच्या खाटेवरची सलाईन संपली आणि नातेवाइकांनी आवाज चढवला, ती बोलणीही त्यांनीच खाल्ली. डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा कागद आला, त्यात ‘नर्सिंग’ या शब्दापुढे तीन चौकोन: उत्तम, बरे, असमाधानकारक. मी कागद उलटा करून मागे लिहिलं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून घरी येऊन मेट्रनना सविस्तर पत्र लिहिलं. तोंड बांधलेल्या पेशंटजवळ बसणं हे काम म्हणून मोजा, त्यासाठी पाळीत माणूस वाढवा, आणि ‘तिसरा दिवस’ नव्या मुलींना शिकवणीतच सांगा. नातेवाइकांनाही आधी सांगा, आम्हाला मुंगी चावण्यापलीकडचं काही येत नाही.

काही महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा भाची हट्टानं वॉर्डात गेली. सोलापूरच्या सिस्टर तिथंच होत्या, रजिस्टरमध्ये डोकं घालून. त्यांनी वर पाहिलं आणि ओळखलं नाही. ओळखणार कशा? एक संध्याकाळ जुना चेहरा पाहिला होता, नंतर सगळी सूजच. बरे झालेले चेहरे त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. खाटेचा नंबर आणि पाटी सांगितल्यावर मात्र त्या उठून उभ्या राहिल्या, आणि हनुवटीला मुंग्या येतात का, डाव्या बाजूला जास्त की उजव्या, हेच आधी विचारलं. येतात, डावीकडे अजून थोडं बधिर आहे, भाची म्हणाली. मुंग्या येताहेत म्हणजे नस जागी होतेय, असं म्हणून त्यांनी तिला एक काम सांगितलं. आतल्या खोलीत एक मुलगा होता, ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, डोळे उघडत नव्हता. बोलशील का त्याच्याशी?

आम्ही बाहेर थांबलो. बराच वेळ झाला तरी ती येईना, तेव्हा वहिनी डोकावून आली. मुलगा झोपला होता. भाची त्याच्या आईला समोर बसवून सांगत होती, मुगाचं वरण मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं, एकदा चाळणीनं आणि एकदा फडक्यानं, नाही तर सिरिंजच्या नळीत अडकतं. नाचणीची आंबील कोमट द्यायची, गरम नको, कारण ओठाला चटका बसलेला त्याला कळणार नाही. ती बाई प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून घेत होती.